आहे, नाही आणि निरंक

सरकारी किंवा जिल्हा परिषदेची शाळा कशा इमारतीत भरावी, हे भारतात कायद्याने ठरलेले आहे आणि ते अर्ध्या पानात मावते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या शेवटी एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यात इमारतीसंबंधी सात बाबी सापडतात. सर्व ऋतूंत टिकेल अशी, शिक्षकामागे एक वर्गखोली आणि वर एक कार्यालय असलेली इमारत, अडथळ्याविना आत जाता येईल अशी वाट, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित व पुरेसे पाणी, दुपारचे जेवण शाळेतच शिजत असेल तर स्वयंपाकघर, क्रीडांगण, आणि भोवती भिंत किंवा कुंपण. संपले. मराठी लग्नपत्रिकेत ‘आपले विनीत’ या मथळ्याखाली यापेक्षा जास्त मजकूर असतो.

हा शोध २००९ चा नव्हे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक प्राथमिक शाळेला बारमाही वापरता येतील अशा किमान दोन बऱ्यापैकी मोठ्या खोल्या द्यायचे ठरवले होते आणि त्यासाठी १९८७ पासून खडू-फळा मोहीम निघाली. नव्या कायद्याने त्याच मागणीला हक्काचा दर्जा दिला. आधी जी गोष्ट नसे तिला ‘उणीव’ म्हणत; पुढे तिला ‘निकषभंग’ म्हणू लागले. गोष्ट दोन्ही वेळा नव्हतीच.

अनुसूचीची भाषा बारकाईने पाहिली तर तिच्यात नामे भरपूर, विशेषणे मोजकी आणि क्रियापदे जवळजवळ नाहीत. शौचालय हवे एवढेच ती सांगते; ते उघडे असावे, की त्यात पाणी यावे, याबद्दल ती गप्प आहे. त्यामुळे तपासणीही नामांचीच होते. प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो आणि दरवर्षी त्या क्रमांकाखाली माहितीचा लांबलचक नमुना भरावा लागतो. त्यातल्या बऱ्याच रकान्यांत ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहायचे असते. ‘आहे’ लिहिले की शाळेचे भले होते आणि ‘नाही’ लिहिले की पत्रव्यवहार वाढतो. जिथे दोन्ही अडचणीचे, तिथे कार्यालयीन मराठीने तिसरा शब्द काढून ठेवला आहे: निरंक. अर्थाने तो शून्यच. पण शून्य भिकाऱ्यासारखे दिसते, निरंक पंचांगातून उतरल्यासारखा.

खोल्यांचे गणित शिक्षकांपासून सुरू होते. पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. पुढे अनुसूची स्वतःच थोडी गोंधळते: १२१ ते २०० मुलांना पाच शिक्षक आणि १५० च्या वर पाच शिक्षक अधिक एक मुख्याध्यापक. १७० मुलांची शाळा एकाच वेळी दोन ओळींत बसते आणि कोणत्या ओळीत बसायचे ते वरिष्ठ कार्यालय ठरवते. मुख्य मुद्दा असा की खोली शिक्षकामागे एक आहे, इयत्तेमागे नाही. पहिली ते चौथीची दोन शिक्षकी शाळा दोन वर्गखोल्यांत पूर्ण कायदेशीर असते. एकीकडे पहिली-दुसरी, दुसरीकडे तिसरी-चौथी. दुसरीतले मूल पहिलीची कविता परत ऐकते आणि यंदा ती त्याला येते. दोघांपैकी एक गुरुजी प्रशिक्षणाला, केंद्राच्या बैठकीला किंवा मतदारयादीच्या कामाला गेले की चारही इयत्ता एका खोलीत एकवटतात. दुसरी खोली कायद्यापुरती उघडी राहते.

‘सर्व ऋतूंत टिकणारी’ हे विशेषण ज्याने घातले त्याने महाराष्ट्राचे शालेय वर्ष पाहिले असावे. शाळा उघडते जूनच्या मध्यावर, विदर्भात उन्हामुळे पंधरवडाभर उशिरा. म्हणजे नव्या वर्षाचा पहिला धडा आणि पहिली सर एकाच आठवड्यात येतात. कोकणात जांभ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौले असतात. कौले पावसाला पुरून उरतात, माकडांना नाही. मराठवाड्यात, विदर्भात पत्रे असतात. पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की शिकवणे बंद पडते, कारण गुरुजींचे ओठ हलताना दिसतात पण आवाज पोचत नाही. त्या वेळात पाढे घेतात, कारण पाढे सगळ्यांनी मिळून ओरडायचे असतात. एप्रिलात तोच पत्रा भाकरीच्या तव्याचे काम करतो आणि शाळा सकाळची होते. स्लॅब सर्वांत प्रतिष्ठेचा. तो गळतो, पण सावकाश गळतो, आणि कुठे गळतो हे मुलांना माहीत असते. तिसऱ्या बाकाच्या डाव्या टोकाला बादली ठेवायची हे वर्गाच्या शिस्तीत मोडते. दुरुस्तीचा निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडावा लागतो, म्हणून तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो. मग निविदा, कार्यारंभ आदेश, आणि वाळूचा ट्रक मैदानात पडतो तेव्हा मृग लागलेला असतो.

इमारत अगदीच खचली तर ती पाडता येत नाही. आधी तिचे निर्लेखन व्हावे लागते. निर्लेखन म्हणजे ही वास्तू दप्तरातून वगळणे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याची पाहणी, बांधकामाचे वय, मूळ किंमत, आजची किंमत, निघणाऱ्या लाकूड-लोखंडाची किंमत, आणि मग जिल्हा परिषदेची मंजुरी. सत्तर वर्षांपूर्वी गावाने श्रमदानाने बांधलेल्या खोलीची मूळ किंमत कोणाला ठाऊक नसते, म्हणून प्रस्ताव त्रुटी लावून परत येतो. खोली वाट पाहते. तिच्या दाराला सुतळी बांधतात आणि मुले त्या सुतळीखालून आत जाऊन लपंडाव खेळतात. या वाट पाहण्यात थट्टेची जागा लवकर संपते: ऑगस्ट २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेच्या खोलीचे छत पावसात कोसळले आणि तीन मुले गेली. त्यानंतर धोकादायक वर्गखोल्यांची माहिती तातडीने मागवण्यात आली. ती प्रत्येक दुर्घटनेनंतर मागवली जाते. खोल्या रिकाम्या होतात, वर्ग समाजमंदिरात किंवा मारुतीच्या देवळात बसतो, आणि शनिवारी दर्शनाला आलेल्या आजीबाई प्रदक्षिणा घालता घालता नातवाची उजळणी ऐकतात.

वर्गखोल्यांशिवाय आणखी एक खोली कायदा मागतो आणि ही त्याची सर्वांत मौलिक कल्पना आहे. कार्यालय-नि-भांडार-नि-मुख्याध्यापक कक्ष. तिन्ही कामांना मिळून एकच खोली. मुख्याध्यापकाचे पद १५० मुलांनंतर मिळते, कक्ष मात्र १५ मुलांच्या शाळेलाही लागतो. म्हणजे हजारो शाळांत ज्याचा कक्ष आहे तो माणूस मंजूर नाही. तिथे दोघांपैकी ज्येष्ठ गुरुजींकडे ‘चार्ज’ असतो. चार्ज घेतलेला माणूस ओळखायला सोपा: त्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा असतो आणि तो सतत काहीतरी शोधत असतो. शोधण्यालायक त्या खोलीत बरेच आहे. तांदळाची पोती, त्यांच्यावर मटकीचे पोते, कडेला तेलाचे डबे. भिंतीवर सावित्रीबाई, जोतीराव आणि आंबेडकर, जयंतीच्या हारांसह. कोपऱ्यात झेंड्याची काठी, लेझीम, भाता फाटलेली पेटी, पृथ्वीचा एक गोल ज्यावर सोव्हिएत संघ अजून अखंड आहे. संगणकावर धुळीसाठी ओढणी घातलेली असते. याच खोलीत टेबलापाशी अधिकारी बसून शेरेबुकात शेरा लिहितात, आणि त्यांची खुर्ची मागे सरकू नये याची काळजी मागचा तांदूळ घेतो.

अडथळ्याविना प्रवेशासाठी रॅम्प लागतो. त्याचा मान्य उतार १ ला १२ आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. शाळेचा चौथरा अडीच फूट उंच असला तर रॅम्प तीस फुटांचा व्हावा लागतो. व्हरांड्यासमोर तीस फूट मोकळी जागा असते खरी, पण तिच्या मधोमध ध्वजाचा कट्टा असतो आणि कट्टा हलवण्याचे धाडस कोणताही ठेकेदार करत नाही. म्हणून रॅम्प आठ-दहा फुटांत आटोपतो. त्यावरून चाकाची खुर्ची वर नेणे हे दोन धट्ट्याकट्ट्यांचे काम आहे आणि खाली आणणे त्याहून अवघड. पण रॅम्प वाया जात नाही. पावसाळ्यात गुरुजींची मोटारसायकल त्यावरून व्हरांड्यात चढते, मधल्या सुट्टीत मुले त्यावरून चड्डी झिजवत घसरतात, आणि नमुन्यात ‘रॅम्प: आहे’ हे अक्षरशः खरे ठरते. नमुना कठड्याचाही रकाना ठेवतो. तिथे निरंक.

रॅम्पाला वाली मिळतो तो निवडणुकीत. शाळा हेच मतदान केंद्र असते आणि निवडणूक आयोगाची किमान सुविधांची यादी कडक आहे: रॅम्प, पाणी, शौचालय, वीज. मुलांसाठी चार वर्षे मंजूर न झालेली डागडुजी मतदारांसाठी चार दिवसांत उरकते. गावातल्या जाणत्या मुख्याध्यापकांना विचारले तर ते शाळेच्या सुधारणांची कालगणना अशीच सांगतात: नळ लोकसभेचा, बल्ब विधानसभेचा, आणि मागचा उतार ग्रामपंचायतीच्या वेळचा.

सर्वांत जास्त कागद खर्ची पडला आहे तो स्वच्छतागृहावर. कायदा म्हणतो, मुलांचे आणि मुलींचे वेगळे असावे. केंद्राच्या मार्गदर्शक पुस्तिकेत ४० मुलांमागे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या असा हिशेब आहे. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सहा महिन्यांत शाळांत पाणी व स्वच्छतागृहे पुरवण्याचा आदेश दिला. १५ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून एक वर्षाची मुदत घातली, आणि वर्षभरात ४ लाखांहून अधिक शौचालये झाल्याचे जाहीर झाले. त्यांतली बरीच केंद्र सरकारच्या सार्वजनिक उपक्रमांनी, म्हणजे वीज, कोळसा, तेलाच्या कंपन्यांनी बांधली होती. मग महालेखापरीक्षकांची माणसे १५ राज्यांत हिंडली आणि या कंपन्यांच्या वाट्याच्या २,६९५ शौचालयांची त्यांनी जागेवर जाऊन गाठ घेण्याचा प्रयत्न केला. २०२० साली संसदेत आलेल्या त्यांच्या अहवालानुसार ८३ बांधलीच नव्हती, आणि २०० अशी होती की कागदावर बांधून पूर्ण आणि जागेवर हवा. जी सापडली त्यांतल्या ७२ टक्क्यांत वाहते पाणी नव्हते. २०० शौचालयांचे गायब होणे ही सामान्य चोरी नव्हे. विहीर चोरीला गेल्याची तक्रार घेऊन पोलिसांत जाणाऱ्या माणसाची गोष्ट महाराष्ट्राने पूर्वीच ऐकली आहे, इथे फक्त फिर्यादी कोणी झाला नाही.

जे शौचालय जागेवर असते त्याला कुलूप असते. याला कारण आहे. शाळा पाच वाजता सुटते आणि त्यानंतर आवार गावाचे होते. रात्री व्हरांड्यात पत्ते रंगतात आणि सकाळी शौचालयाची जी अवस्था असते ती कोण निस्तरणार, हा प्रश्न अनुसूचीने घेतलेला नाही. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत शिपाई नसतो, सफाईची सोय ग्रामपंचायतीच्या मर्जीवर. म्हणून कुलूप, आणि किल्ली टेबलाच्या खणात, खडूच्या डब्याशेजारी. किल्ली हरवू नये म्हणून तिला वीतभर लाकडी फळीचा तुकडा बांधलेला असतो आणि त्यावर शाईने लिहिलेले असते: ‘मुली’. आठ वर्षांच्या मुलीने भर वर्गात उठून, गुरुजींसमोर जाऊन, ती फळी हातात घेऊन सगळ्यांदेखत मैदान ओलांडायचे असते. त्यापेक्षा मुली दिवसभर पाणी न पिणे पसंत करतात. अशा रीतीने पाण्याच्या पुरेसेपणाचा प्रश्नही काही अंशी सुटतो.

पाण्याचे बाकी फारसे सांगण्यासारखे नाही. हातपंप असतो, टाकी असते, नळांची रांग असते, त्यांतला एक नळ चालतो. १५ ऑक्टोबरला हात धुण्याचा दिवस साजरा होतो आणि त्या दिवशी साबण नवा असतो.

स्वयंपाकघराला मात्र मोजमाप आहे: १०० मुलांपर्यंत २० चौरस मीटर, पुढे दर शंभरास ४ चौरस मीटर. घरकुलाइतके हे किचन शेड गावातल्या अनेक सुनांच्या स्वयंपाकघरापेक्षा ऐसपैस असते. खिचडी शिजली की मुलांच्या आधी शिक्षकांनी चाखायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहायचा. त्या वह्या चाळल्या तर मराठी समीक्षेत इतका एकमुखी सूर दुसरीकडे सापडत नाही: ‘चव चांगली.’ ‘चव चांगली.’ ‘चव चांगली.’ मग एखाद्या गुरुवारी ‘मीठ किंचित जास्त’, आणि पुन्हा शुक्रवारपासून ‘चव चांगली’. तो गुरुवार लिहिणारे शिक्षक बहुधा बदलीवर आलेले नवे असतात.

क्रीडांगणासाठी कायद्याने एकच शब्द वापरला, क्रीडांगण. लांबी नाही, रुंदी नाही, कोणाचे तेही नाही. म्हणून ते सगळ्यांचे असते. सुगीत तिथे सोयाबीन वाळते, लग्नसराईत मांडव पडतो, गुरांना गावाबाहेर जाण्याची ती जवळची वाट असते. शाळेच्या मुलांनी क्रिकेट खेळताना मिड-ऑनला शेळी उभी असेल तर ती क्षेत्ररक्षकच समजायची असा स्थानिक नियम असतो.

म्हैस आणि शाळा यांच्यामध्ये जी असायला हवी ती संरक्षक भिंत. यू-डायसच्या नमुन्यात तिचे प्रकार दिलेले आहेत आणि ते कोणा अनुभवी माणसाने लिहिले असावेत: पक्की, पक्की पण मोडकी, काटेरी तार, झुडपांचे कुंपण, काम चालू, भिंत नाही. ‘पक्की पण मोडकी’ हा वर्ग इतक्या चपखलपणे कोणत्याही वास्तुशास्त्राच्या ग्रंथात आलेला नाही. भिंत मोडते ती ठरावीक जागी, जिथून वस्तीकडे जायची पायवाट आधीपासून होती. दर उन्हाळ्यात ती बुजवतात, दर श्रावणात ती उघडते. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ आणि आतल्या बाजूला पाढे व महिन्यांची नावे रंगवलेली असतात. यालाच बोलक्या भिंती म्हणतात. मोडलेल्या जागी साताचा पाढा सात सक्कं बेचाळीसवर थांबतो.

अनुसूचीत पुढे ग्रंथालय येते: वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींसकट सर्व विषयांची पुस्तके. पुस्तके असतात आणि कपाटात असतात. वाचली तर फाटतात, फाटली तर जडवस्तू नोंदवहीत कमी पडतात, कमी पडली तर गुरुजींच्या पगारातून जातात. इतका सरळ तर्क शिक्षणक्षेत्रात क्वचित आढळतो. खेळाचे साहित्य वर्गाला ‘आवश्यकतेनुसार’ द्यायचे आहे. आवश्यकता कोणी मोजायची हे न सांगितल्याने ती एका रबरी चेंडूवर स्थिरावली आहे.

काय नाही, हेही पाहण्याजोगे आहे. इमारतीच्या बाबींत बाक नाही, पंखा नाही, वीज नाही. विजेशिवाय शाळा पूर्ण निकषपात्र असू शकते. पण ती निकषपात्र असल्याची माहिती आता ऑनलाइन भरावी लागते, हजेरीही ॲपवर, पोषण आहारही ॲपवर. बिल थकून मीटर गेलेल्या शाळेचे गुरुजी त्यासाठी फोन घेऊन देवळाच्या ओट्यावर जातात, कारण रेंज तिथे येते, आणि ‘वीज जोडणी’च्या रकान्यात ‘आहे’ लिहितात. तारा आहेतच.

निकष पाळले नाहीत तर काय? जुन्या शाळांना तीन वर्षांची मुदत होती, ती २०१३ च्या मार्चअखेर संपली. त्यानंतर निकषांत न बसणाऱ्या शाळेची मान्यता काढता येते, आणि मान्यता काढल्यावरही ती चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड, पुढे दर दिवसाला दहा हजार. तरतूद जबर आहे. अडचण एवढीच की कायद्याच्या १८ व्या कलमाने मान्यतेचे प्रमाणपत्र सरकारच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या शाळांना मुळातच लागत नाही. जे दिलेले नाही ते काढून कसे घेणार?

तरीही नागरिकाला वाट ठेवलेली आहे. ३२ व्या कलमानुसार कोणालाही लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागावा लागतो. तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची. गावातल्या शाळेचे स्थानिक प्राधिकरण म्हणजे शाळेचीच मालकीण, जिल्हा परिषद. तिच्याकडे एखाद्या पालकाचा अर्ज गेला की मुलींचे शौचालय बंद असते, तर तो आवक क्रमांक पडून पंचायत समितीत येतो, तिथून केंद्रप्रमुखांकडे, आणि केंद्रप्रमुख तो मोबाइलवर पुढे धाडतात. सोबत मजकूर: ‘वस्तुस्थितीदर्शक अहवाल आजच्या आज सादर करावा.’ चार्ज असलेले गुरुजी शिकवणे थांबवून कार्यालयात येतात, तांदळाच्या पोत्यावर कागद टेकवतात आणि लिहितात: शौचालय: आहे. कुलूप व किल्ली: आहे. तक्रार: निरंक.